चौथ्या तासाची अरेंजमेंट

आमच्याकडच्या शाळांत एखादा शिक्षक गैरहजर राहिला, की त्याचे तास त्या वेळी मोकळ्या असलेल्या शिक्षकांना वाटून देतात. याला अरेंजमेंट म्हणतात. महाराष्ट्रातल्या शाळांत याला काय म्हणतात, मला माहीत नाही. मी शिकलो सोलापूरला, पण शिकवलं सगळं फरीदाबादमध्ये. त्यामुळे शाळेबद्दलचं मराठी मला फक्त विद्यार्थ्याच्या बाजूचं येतं. सकाळी पावणेसातपर्यंत गैरहजरांचे मेसेज येतात, मी वेळापत्रक उघडून कुणाचा कितवा तास मोकळा आहे ते बघतो आणि साडेसातच्या आत तक्ता स्टाफच्या ग्रुपवर जातो. नऊ वर्षं हे काम माझ्याकडे होतं.

मोकळा तास ही शिक्षकाची एकुलती एक इस्टेट. ती मी रोज जप्त करत असे. त्यामुळे स्टाफरूममध्ये माझ्याशी सगळे गोड बोलत. हिवाळ्यात माझ्या टेबलावर पेरू येत, लोहडीच्या सणाला रेवड्या येत, आणि कुणाच्या घरी लग्न निघालं तर पहिली पत्रिका मला, कारण लग्नाला जायचं म्हणजे रजा आली. पेरू खाऊनही मी कुणाला सोडत नसे. स्वतः मी नऊ वर्षांत तीन रजा घेतल्या, त्यातल्या दोन वडील गेले तेव्हा. लोकांना ही निष्ठा वाटे. खरं कारण एवढंच होतं, की मी गैरहजर राहिलो तर माझी अरेंजमेंट कोण करणार, हे मला सुचत नसे.

मी गणित शिकवतो. दहावी आणि बारावी. वय बावन्न.

ऑक्टोबर संपता संपता एके दिवशी मी दहावी बच्या वर्गात चौथ्या तासाला फळ्यावर एक गणित सोडवलं. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. आता वळून ‘समझ में आया?’ असं विचारायचं होतं. पंचवीस वर्षं मी दोन रेघा मारतो आणि वळतो. त्या दिवशी वळता येईना. मान दुखत नव्हती, पायही ठीक होते. छातीत मात्र धडधडत होतं आणि तळहाताला इतका घाम आला होता, की मार्कर निसटत होता. मागे एक्केचाळीस मुलं बसली होती. वळल्यावर चेहरा कोणता करायचा, तेच मला आठवेना.

मग मी दुसरं गणित लिहिलं. तेही सुटलं. तिसरं लिहिलं. घंटा झाली तेव्हा फळा भरला होता. फळ्याला धरून मी खेकड्यासारखा दारापर्यंत सरकलो आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी ठरवून वर्गात उलटा शिरलो, म्हणजे वळायचा प्रश्नच उरला नाही. बारावीत कसंबसं जमत होतं. दहावी ब मात्र बिल्कुल नाही. तोच वर्ग का, मला सांगता येणार नाही. पुढे महिनाभर मी त्या वर्गाला पाठीने शिकवलं. ‘उंची आणि अंतर’ हे प्रकरण सुरू केलं होतं. त्यात एक माणूस खाली उभा राहून मनोऱ्याच्या टोकाकडे बघत असतो, आणि मनोरा किती उंच आहे ते आपण काढायचं असतं. हजारो मुलांकडून मी ते काढून घेतलं आहे. त्या माणसाला काय होत असेल, हे परीक्षेत विचारत नाहीत.

याचा कुणाला काही त्रास झाला नाही. उलट प्रिन्सिपल मॅडम एकदा तपासणीला येऊन मागच्या बाकावर बसल्या आणि शेरा देऊन गेल्या, की बोर्डवर्क उत्कृष्ट आहे, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. त्यांनी दोन नव्या शिक्षकांना माझा तास बघायला पाठवलं. ते वह्या घेऊन आले आणि माझी पाठ बघून गेले. शांततेबद्दल मला स्वतःलाही अभिमान वाटला. या वयातही आपला दरारा आहे, असं मी मनाशी म्हणालो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरी मात्र मूठ झाकून चालत नाही. माझी बायको केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहे. फाइल अपुरी असली तर तिला वासाने कळतं. मी जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायला लागलो होतो. तिने तीन दिवस निरीक्षण केलं.

“अहो, हे काय चाललंय?” चौथ्या दिवशी तिने विचारलं.

“जेवतोय.”

“जेवत नाही आहात. अर्धा तास झाला, डाळीत नुसता चमचा फिरतोय तुमचा. शनिवारी अकराची अपॉइंटमेंट घेतलीय मी.”

“कुणाची?”

“डॉक्टरांची. मनाच्या.”

“म्हणजे वेड्यांच्या?”

“गणितवाल्यांच्या,” ती म्हणाली. “आणि त्या दिवशी शाळेत पीटीएम आहे वगैरे सांगू नका. मी कॅलेंडर बघितलंय.”

पीटीएम म्हणजे पालकसभा. ती शाळेत नव्हती, पण डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये झाली. आम्ही आत शिरलो तर समोरच्या खुर्चीवर माझ्या दुसऱ्या एका वर्गातल्या मुलीची आई बसली होती. तिने मला बघितलं, मी तिला बघितलं. दोघांचीही चोरी एकच. मी म्हणालो, “नमस्ते जी.” ती म्हणाली, “सर, बिटिया मैथ्स में कैसी चल रही है?” मी म्हणालो, सूत्रं पाठ आहेत, सराव कमी पडतो. तिने पर्समधून कागद काढून ते लिहून घेतलं. तिला आत बोलावलं तेव्हा ती उठली आणि जाता जाता म्हणाली, “थैंक यू, सर, आपने टाइम दिया.” बायको शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिने कपाळाला हात लावला.

डॉक्टर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान होते. त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला. “अपने बारे में कुछ बताइए.”

मी सांगितलं. गणित, दहावी आणि बारावी, एवढी एवढी वर्षं, निकाल चांगला.

“ये तो काम हुआ,” ते म्हणाले. “आपके बारे में पूछ रहा हूँ.”

मी विचार केला. प्रश्न सोपा होता आणि मला येत नव्हता. परीक्षेला बसलेल्या पोराला जे होतं, ते मला तिथे झालं. शेवटी म्हणालो, “अरेंजमेंट भी देखता हूँ.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, आणि ती ऑफिसची बाई आहे, सहसा रडत नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मला गोळ्या आणि तीन आठवडे पूर्ण विश्रांती मिळाली. माझी कंबर धरली आहे, असं मी शाळेत कळवलं. कंबरदुखी हा शिक्षकी पेशातला प्रतिष्ठित आजार आहे. उभं राहून राहून होतो, त्यामुळे त्यात कर्तव्याचा वास असतो. मनाचं काही म्हटलं असतं तर पहिली तक्रार पालकांची आली असती. प्रिन्सिपल मॅडम फोनवर हळहळल्या आणि लगेच म्हणाल्या, “सर, और अरेंजमेंट?” मी म्हणालो, ती मी घरून करीन, त्याला कंबर लागत नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला.

बायकोने फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. म्हणून मी सकाळी साडेसहाला वेळापत्रकाची फाइल शर्टाखाली घालून बाथरूममध्ये जाऊ लागलो. बादली पालथी घालून त्यावर बसायचं, मांडीवर फाइल घ्यायची आणि गिझरच्या उजेडात नसलं तरी गिझरच्या सोबतीत काम करायचं. पहिल्या दिवशी गैरहजरांच्या रकान्यात मी स्वतःचं नाव लिहिलं. सहा तास वाटायचे होते. पाच वाटून झाले. उरला दहावी बचा चौथा.

शाळेत गणिताची आणखी एक शिक्षिका होती. पानिपतची मुलगी, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. तिचा चौथा तास पाचही दिवस मोकळा असे. बोर्डाची परीक्षा जवळ आली होती, ‘उंची आणि अंतर’ अर्धं राहिलं होतं आणि ती मुलगी चांगलं शिकवायची. एकदा तिच्या वर्गावरून जाताना मी दाराशी पाच मिनिटं थांबलो होतो आणि जे ऐकलं त्याबद्दल कुणाला बोललो नव्हतो. दुसरीतल्या पोरालाही कळलं असतं, की त्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं. मी पी.टी.च्या सरांचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगच्या मॅडमचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पी.टी. पानिपतवाली मोकळी दिसू नये म्हणून तिला मी त्या तासाला सहावीच्या संस्कृतवर पाठवलं, संस्कृतवाल्या मॅडम आल्या असतील तर लायब्ररीत पुस्तकं मोजायला. कामांचं समान वाटप, असं मी स्वतःला सांगत होतो. कुंपणच शेत खात होतं आणि शेताच्या बाजूने सहीही करत होतं.

मला काय हवं होतं, ते मला तेव्हाही नीट ठाऊक होतं. मुलं अडायला हवी होती. माझ्यावाचून अडायला हवी होती. बोर्डाच्या वर्षाला असलेल्या पोरांचं नुकसान व्हावं असं मी इच्छिलं, रोज सकाळी, नीटनेटक्या अक्षरात. मला त्याची लाज वाटते आणि तेव्हाही वाटत होती. पण लाज वाटूनही हात पी.टी.च लिहायचा.

आणि मुलं अडली. संध्याकाळी एक एक मेसेज यायला लागला. ‘सर, आप कब आओगे? चैप्टर वहीं अटका है.’ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाचा, ‘सर, आपके बिना कुछ समझ नहीं आ रहा.’ रोज एक, वेगळ्या मुलाचा. मी ते चोरून जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा वाचत असे. जेवण जायला लागलं. खुर्ची भिंतीकडून टेबलाकडे वळली. बायको म्हणाली, गोळ्या लागू पडल्या.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय. मी म्हणालो, पुष्कळ बरं.

“अच्छा, किस चीज़ से?”

“बच्चे अटक गए हैं,” मी म्हणालो. “मेरे बिना.”

त्यांनी ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, “और अगर न अटकते?”

मी म्हणालो, असं होणार नाही, त्याची व्यवस्था आहे. बायकोने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला अरेंजमेंट वाचता येत नाही, पण व्यवस्था या शब्दाचा सरकारी अर्थ तिला चांगला कळतो.  मेट्रोतून उतरल्यावर ती म्हणाली, “बाथरूममध्ये एवढा वेळ काय करता, ते मी विचारलेलं नाही. विचारायला लावू नका.”

त्यानंतरच्या गुरुवारी मी बादलीवर बसून तक्ता पाठवला. चौथ्या तासाला पी.टी. आठला वीस मिनिटं कमी असताना फोन वाजला. पानिपतवाली होती. मी पाण्याचा नळ सुरू केला, म्हणजे स्वयंपाकघरात बायकोला ऐकू जाणार नाही, आणि फोन घेतला. पानिपतची मुलगी आणि मराठी माणूस. निकाल काय लागणार हे मला आधीच कळायला हवं होतं.

“सर, आपसे माफ़ी माँगनी थी,” ती म्हणाली.

मी म्हणालो, कशाबद्दल.

“बिना पूछे किया है. वो चैप्टर पूरा हो गया है. टेन्थ बी का. दो दिन पहले.”

नळ वाहत होता. तिने सगळं सांगितलं. पी.टी.चा तास असला की पी.टी.चे सर सगळ्या वर्गाला मैदानावर नेत, आणि ती मला दाखवायला सहावीवर जाऊन पाच मिनिटांत तिथल्या मॉनिटरला वर्ग सोपवून मैदानावर येई. मुलं पायऱ्यांवर बसत. पाण्याच्या टाकीची सावली मोजून त्यांनी टाकीची उंची काढली होती, मग झेंड्याच्या खांबाची, मग शिडीवर चढलेल्या पी.टी.च्या सरांचीच. कुणी आलं तर सर शिटी वाजवायचे. ड्रॉइंगच्या मॅडमनी तर आकृत्या रंगवून दिल्या होत्या. कालच्या चाचणीत एकोणचाळीस मुलं पास होती.

“आप नाराज़ हैं, सर?”

नाराज नव्हतो. आतून कुणीतरी खुर्ची काढून घेतली होती. मी म्हणालो, “तुम्हारा चौथा पीरियड खाली था. मैंने जान-बूझकर नहीं दिया.”

“पता है, सर.”

“किसको?”

“सबको,” ती म्हणाली. “बच्चों को भी.”

“तो वो मैसेज?”

“वो मैंने बोला था, सर. कि रोज़ एक बच्चा भेजे. आपको अच्छा लगेगा, तो जल्दी ठीक हो जाओगे.” मग तिला वाटलं असावं, की काम शिस्तीत झालं हेही सांगायला हवं. “रोल नंबर से भिजवाए.”

मी फोन कानाशी धरूनच आठवून बघितलं. एक, दोन, तीन, चार. अनुपस्थित मुलाचा नंबरही वगळलेला नव्हता, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवला होता. पंचवीस वर्षं क्रम ओळखायला शिकवतो आहे आणि तेरा मेसेज आले तरी मला क्रम दिसला नव्हता.

“कमर का भी पता है?” मी विचारलं.

“सर, बच्चे तो पहले से कह रहे थे. कि सर एक महीने से मुड़े नहीं हैं. मुझे आकर बताया था, और किसी को नहीं.” तिचा आवाज खाली आला. “वो इसीलिए चुप बैठते थे. कोई आवाज़ होगी तो आपको मुड़ना पड़ेगा न.”

तो महिना नोव्हेंबरचा होता. हवा अशी होती, की दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, सगळीकडे माणसं खोकत होती. शाळेत सकाळी प्रार्थना ऐकू येत नसे, खोकला ऐकू येई. आणि त्या चाळीस मिनिटांत माझ्या मागे एक्केचाळीस मुलं, पंधरा वर्षांची, एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी, रुमाल तोंडात धरून खोकला दाबत बसली होती. महिनाभर. मला त्यांच्याकडे बघावं लागू नये म्हणून. आणि मी त्याला दरारा समजलो होतो.

 तिकडे शाळेचा गलका ऐकू येत होता.

“सर? आप ठीक तो हैं?”

हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारत असतं. गेटवरचा गार्ड विचारतो, भाजीवाला विचारतो. उत्तर ठरलेलं आहे, बिल्कुल. ते ओठांपर्यंत आलंही.

“नाही,” मी म्हणालो. “मी ठीक नाही.”

मराठीतच निघालं. पंचवीस वर्षांत शाळेतल्या कुणाशी मी मराठी बोललो नव्हतो. तिने अर्थ विचारला नाही. ती म्हणाली, “कोई बात नहीं, सर. मत आइए अभी. हम लोग हैं.”

मग मला रडू आलं. बादलीवर बसून, मांडीवर वेळापत्रक घेऊन, वडील गेले तेव्हाही आलं नव्हतं तसं. दार उघडल्याचं कळलं. बायको आत आली, तिने नळ बंद केला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. फोनवर पलीकडे पहिली घंटा झाली, मुलं वर्गांकडे पळाल्याचा आवाज आला. पानिपतवालीचा पहिला तास होता, मला पाठ आहे. तरी तिने फोन ठेवला नाही.